शब्दाच्या पक्क्या दीनाबाई

दीनाबाईंना संत म्हणणाऱ्यांनी त्यांच्या शेजारी एक उन्हाळा काढून दाखवावा, मग आपण बोलू. परवा छावणीतल्या चर्चमध्ये जुन्या माणसांच्या आठवणींचा कसलासा कार्यक्रम होता. जुनी शेजारीण म्हणून मलाही बोलावलं होतं. एक तरुण पाद्रीसाहेब उठले आणि म्हणाले, दीनाबाईंनी कधी जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही, त्या प्रेमाची मूर्ती होत्या. माझ्या तोंडून 'अगं बाई' निघून गेलं आणि मागच्या दोन रांगांना ते ऐकू गेलं. धर्म पाहिला नाही म्हणे! त्या बाईनं धर्म सोडून आणखी काही पाहिलं असेल तर ते फक्त अडलेल्या बाईचं पोट.

आमचं लग्न झालं तेव्हा पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. यांची नोकरी कचेरीत, म्हणून वैजापूरकडचं शेतीवाडीचं घर सोडून आम्ही औरंगाबादला आलो आणि छावणीत बैठ्या घरांच्या एका ओळीत भाड्यानं राहिलो. आमचं घर कोपऱ्याचं. मधलं दीनाबाईंचं आणि त्याला लागून गफ्फारसाहेबांचं. त्या दोघांमधली भिंत एकच, कच्च्या विटांची. इकडं ठसका लागला तर तिकडून पाणी पुढं करावं इतकी पातळ, पण पाणी कुणी करत नव्हतं.

दीनाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या आणि दवाखाना सुटला की सगळ्या छावणीच्या सुईण. खळ घातलेलं पांढरं पातळ, घट्ट अंबाडा, पायात पुरुषी चपला. आधी कारबोलिक साबणाचा वास यायचा, मग आवाज यायचा आणि मग बाई यायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "एवढ्या बायांची अवस्था बघून कोन शहाणी करंल?" रोज सकाळी ओट्यावर बसून त्या नखं कापायच्या, असलेली आणि नसलेलीसुद्धा. गुरुवारच्या बाजारात पोटुशी बाई दिसली की भर गर्दीत तिची खरडपट्टी काढायच्या. "ए, दिवस भरत आले आन् डोक्यावर पाटी? नवरा काय मेला का तुझा?" नवरा शेजारीच उभा असायचा.

हे सगळं मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्या बाईवर माझा जीव होता. माझी दोन्ही लेकरं त्यांच्याच हातची. पण देवानं एक हात इतका चांगला दिला की तोंड देताना त्याच्याजवळ चांगलं काही उरलं नसावं.

पहाटे मशिदीतली अजान सुरू झाली की दीनाबाई कानात कापसाचे बोळे घालायच्या आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू करायच्या. प्रार्थनेत आधी आजारी माणसं, मग अडलेल्या बाया आणि मग देवाचे शत्रू. शत्रूंचं काय काय व्हावं ते त्या तपशीलवार सांगायच्या. पातळ भिंतीपलीकडं गफ्फारसाहेब नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत असायचे, त्यांना शब्दन् शब्द कळायचा. दीनाबाईंचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी हाताळलेलं आहे. जिथं जिथं लढाई, नाश, सूड, तिथं तांबड्या पेन्सिलीच्या रेघा. नव्या कराराचा मागचा भाग मात्र कोरा करकरीत. वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय ते पान मी एकदा मुद्दाम काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

दीनाबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "ते माझ्या वैऱ्याबद्दल हाय, सुमन. माझा वैरी असंल तर मी आत्ता माफ करते. हे देवाचे वैरी हायेत. देवाच्या वैऱ्याला माफ करनारी मी कोन?"

मी मेथीची जुडी उचलली आणि घरी आले.

कारण नव्हतं असं नाही. त्यांचा धाकटा भाऊ जालन्याकडं एका गावात मिशनच्या शाळेवर मास्तर होता. रझाकारांच्या दंगलीत त्याला शाळेच्या दारातच मारलं. मारणाऱ्यांत त्याच्याकडं शिकलेला एक पोरगाही होता म्हणतात. दीनाबाई पोचल्या तेव्हा माती देऊन झाली होती. त्या कबरीवर हात ठेवून त्यांनी देवाला शब्द दिला, की मरेपर्यंत मुसलमानाच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. सांगून झाल्यावर तेच तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

आणि गफ्फारसाहेब काही कमी नव्हते. निजामाच्या काळात अबकारी खात्यात होते, पोलीस ॲक्शननंतर घरी बसले, मशिदीत पोरांना कुराण शिकवायचे. त्यांचा भाऊ खेड्यात कपडे शिवायचा. फौज आली, रझाकार पळाले आणि त्यांच्या पापांची भरपाई गावानं त्या गरीब शिंप्याकडून करून घेतली. त्याच्या दोन पोरी कुठल्याशा मिशनच्या अनाथाश्रमात गेल्या. गफ्फारसाहेबांना पत्ता लागेपर्यंत पोरींची नावं बदललेली होती, आणि चाचा म्हणून त्यांनी ओळखही दिली नाही. तेव्हापासून पांढरं पातळ दिसलं की हा माणूस तोंड फिरवायचा. तोही म्हणायचा की हे माझं नाही, किताबातच आहे, या लोकांना दोस्त करू नका म्हणून. त्यांची बीबी जुलेखाबी भाजी चिरता चिरता विचारायची, किताबात शेजाऱ्याबद्दलही काही असेल ना, ते कधी वाचणार? मग दोन दिवस घरात अबोला.

म्हणजे बघा, दोघांचे भाऊ गेले, दोघांची दुःखं सख्ख्या बहिणींसारखी. एका भिंतीला पाठ लावून दोघं रडले असते तर भिंत ओली झाली असती. पण नाही, दोघांनी आपापल्या ग्रंथात तोंड घातलं आणि हवं तेवढंच वेचलं.

जुलेखाबी मात्र ईदला शीरखुर्म्याचं भांडं न चुकता सगळ्या ओळीत पाठवायची. आपल्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. दीनाबाईंनाही ते ठाऊक होतं. शीरखुर्मा त्या गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायच्या, भांडं घासूनपुसून लख्ख करायच्या आणि एके वर्षी त्यात काय घालून परत केलं असेल? दोन कोळसे. मला कळलं तेव्हा डोकंच फिरलं. मी जुलेखाबीकडं माफी मागायला गेले, तर ती शेगडीपाशी बसून चहा करत होती. म्हणाली, "अच्छे कोयले थे. चाय उसीच पे चढाई. तू भी पी." नाताळ आला तेव्हा तिनं त्याच भांड्यात खारीक-बदाम पाठवले. दीनाबाईंना त्या दिवशी करंज्या द्याव्या लागल्या, कारण कोळसे संपले होते. निदान त्या तरी तसं म्हणाल्या.

उंबरठा ओलांडायचा नाही म्हटल्यावर छावणीत एक रीतच पडून गेली. मुसलमान घरातल्या बाईला कळा सुरू झाल्या की तिला बाजेवर घालून दीनाबाईंच्या ओट्यावर आणायचं. ओट्याला जुन्या लुगड्यांचे पडदे लावलेले असायचे. सगळी ओळ पाणी तापवायची. दीनाबाई बाळ सोडवायच्या, त्याच्या तोंडावर फुंकर घालायच्या आणि म्हणायच्या, "चला, देवाचा आनखी एक वैरी वाढला." हे म्हणताना बाळाला छातीशी असं धरलेलं असायचं की आईनं मागितलं तरी पटकन द्यायच्या नाहीत. मला हसू यायचं. मी त्यांचं बोलणं कधी मनावर घेतलं नाही, आणि बाकीच्यांनीही नाही. जैनब जाईपर्यंत.

जैनब म्हणजे मागल्या गल्लीतल्या टांगेवाल्याची पोटुशी बायको. उन्हाळ्यातली दुपार होती. तिचा नवरा धावत आला. कळा नव्हत्या, नुसतं रक्त जात होतं. दीनाबाईंनी काळी बॅग उचलली, चपला घातल्या, भराभरा त्याच्या मागं गेल्या. मीही गेले. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. आत अंधाऱ्या खोलीत जैनब दिसत होती. नवरा हात जोडत होता, म्हातारी सासू पायावर पडत होती, आणि या बाहेर उभ्या राहून सांगत होत्या की तिला उचला, बाहेर आणा, हळू आणा, पाय वर धरा. उचललं बिचाऱ्यांनी. त्यांच्याच घराच्या पायरीवर जैनब गेली. दीनाबाईंनी तिचं मनगट धरलेलं होतं, ते त्यांनी कितीतरी वेळ सोडलं नाही.

दीनाबाई तीन-चार दिवस जेवल्या नाहीत. गुडघ्यावर बसून होत्या. मला वाटलं, आता संपलं हे खूळ. मी पेज घेऊन गेले आणि विचारलं, आता तरी सोडणार ना हा हट्ट? त्या म्हणाल्या, देवाला दिलेला शब्द मागं घेतला तर भाऊ फुकट गेला.

तेव्हा माझा तोल सुटला. "तुमच्या भावानं मागितला होता का शब्द? देवानं मागितला होता? अहो, ती पायरीवर मेली!" असं मी ओरडले, आणि पेज तिथंच ठेवून निघून आले. पुढं दोन-अडीच महिने आम्ही बोललो नाही.

मीच मग चर्चमधल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडं गेले. मी परधर्माची, पण कुणीतरी बोलायला हवं होतं. ते आले, समजावून सांगू लागले. दीनाबाईंनी उलट त्यांनाच जुन्या करारातल्या एका सरदाराची गोष्ट ऐकवली. त्यानं देवाला शब्द दिला आणि त्यापायी पोटची पोर बळी द्यावी लागली तरी मोडला नाही. पाद्रीबाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "दीनाबाई, आपण तसं करू नये म्हणून ती गोष्ट लिहून ठेवली आहे." दीनाबाईंनी त्यांना चहा दिला. पटलं काहीच नाही.

काही वर्षं गेली आणि गफ्फारसाहेबांच्या सुनेची, नसीमची वेळ आली. दिवस शुक्रवारचा, ऊन मी म्हणत होतं. घरातले तरणे पुरुष कामावर. बाळ पायाळू होतं आणि एक पाय बाहेर येऊन अडकलं होतं. जुलेखाबी माझ्याकडं धावत आली. आम्ही दोघी दीनाबाईंच्या दारात. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि चेहरा उतरला. हिला हलवता येणार नाही, हलवलं तर दोघंही जातील, हे त्यांनीच सांगितलं. म्हटलं, मग चला. तर या भिंतीला हात लावून उभ्या. आणि तिकडं अंगणातून गफ्फारसाहेबांचा आवाज, की ती बाई सकाळ-संध्याकाळ आमच्या नाशाची दुआ मागते, तिचा हात माझ्या घरातल्या लेकराला लागणार नाही, अल्लाह बघून घेईल. आत नसीम गुरासारखी ओरडत होती. एवढं माझं आयुष्य गेलं, पण धर्मावर मला इतका संताप कधी आला नाही. दोघांच्याही झिंज्या धरून एकमेकांवर आपटाव्यात असं वाटलं.

जुलेखाबी कधी परत घरात गेली ते मला कळलं नाही. नवऱ्यासमोर उभी राहून ती काय बोलली ते मात्र भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. "भाई के वास्ते बहू को मार देना, ऐसा लिक्खा है क्या? दिखाओ मेरे कू. अब्बीच दिखाओ." मग धाडकन आवाज झाला आणि दीनाबाईंच्या स्वयंपाकघरातली भिंत हादरली. जुलेखाबी पलीकडून पहारीनं भिंत पाडत होती.

दीनाबाई एक क्षण बघत राहिल्या. मग त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि याही बाजूनं घाव घालायला सुरुवात केली. डाळीचे डबे खाली पडले, सगळ्या घरात माती. पांढरं पातळ मातकट झालं. त्या धापा टाकत मला म्हणाल्या, "उंबरठा म्हनले व्हते मी. भिंत म्हनले नव्हते."

मी हसले की रडले ते आठवत नाही. इतका आटापिटा, इतकी पळवाट, बाजूला उघडं दार असताना! पण पलीकडं गफ्फारसाहेब वाकून खाली पडलेल्या विटा गोळा करत होते, हे मी त्या भगदाडातून पाहिलं. या बाईच्या पायाला लागू नयेत म्हणून एकेक वीट उचलून कडेला ठेवत होते. वर मात्र पाहत नव्हते.

दीनाबाई भगदाडातून पलीकडं गेल्या आणि पुढं जे केलं ते त्यांनाच जमत होतं. मुलगी झाली. निळी पडलेली, रडेना. त्यांनी तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं, उलटी धरली, पाठ चोळली, पुन्हा फुंकलं. शेवटी मांजरीसारखा आवाज आला. दीनाबाईंनी तिला गुंडाळून छातीशी धरलं आणि सोडेनात, ऊब लागली पाहिजे म्हणून. आता पंचाईत अशी, की बाळाच्या कानात अजान द्यायची होती आणि ती देणार आजोबा. गफ्फारसाहेब दारात उभे. बाळ दीनाबाईंच्या हातात. दोघंही जागचे हलेनात. मग म्हातारा हळूहळू पुढं आला, मान तिरकी केली, बाळाच्या कानाशी वाकला. जी अजान ऐकू येऊ नये म्हणून ही बाई रोज कानात कापूस घालायची ती आता वीतभर अंतरावरून सुरू होणार होती. दीनाबाईंनी बाळाच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"हळू म्हना," त्या म्हणाल्या. "कान नवा हाय तिचा."

गफ्फारसाहेबांनी हळू म्हटली.

आता तुम्हाला वाटेल, झालं, विरघळली दोघं. छे! रविवारी चर्चच्या आवारात दीनाबाई प्रत्येकाला सांगत होत्या की मी उंबरठा ओलांडलेला नाही. मला तर त्यांनी साक्षीला उभं केलं. पहाटेचे देवाचे शत्रूही परत आले, फक्त आवाज थोडा खाली आला, कारण भिंतीत भगदाड होतं आणि पलीकडं तान्हं बाळ झोपलेलं असायचं. गफ्फारसाहेब म्हणाले भिंत बुजवून घेऊ, पण गवंडी काही आणला नाही. जुलेखाबीनं तिथं फुलाफुलांचा पडदा लावला. त्या पडद्याखालून राबिया, म्हणजे ती पोर, रांगत इकडं यायला लागली. दीनाबाईंच्या मांडीवर बसून भाकरी खायची, त्यांचा चष्मा ओढायची, आणि दीनाबाईंनी तिच्यासाठी नखं कापायची छोटी कात्री आणली.

राबिया शाळेत जायला लागली तेव्हाची गोष्ट. तिनं विचारलं, "दीनाअम्मा, तुम दरवाजे से काइकू नै आते?" दीनाबाईंना खोटं बोलता यायचं नाही. सांगितलं त्यांनी, की तुमच्या लोकांनी माझ्या भावाला मारलं. पोर घाबरली. म्हणाली, "मैं नै मारी." एवढंच बोलून ती पडद्याखालून घरी पळाली आणि चार दिवस आली नाही. दीनाबाई माझ्याकडं आल्या, पाटावर बसल्या, हे सगळं सांगितलं. मी चहा केला, तो निवून गेला. कप तसाच ठेवून त्या उठून गेल्या. पुढं त्यांच्या पहाटेच्या प्रार्थनेत आजारी माणसं राहिली, अडलेल्या बाया राहिल्या. देवाचे शत्रू कधी गळून पडले ते मला नक्की सांगता येणार नाही. शब्द मात्र तसाच. तो मोडायला भगदाड पुरे नव्हतं.

वय झालं तशी दीनाबाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली. भगदाडातून वाकून जावं लागायचं, ते आता जमेना. मग जुलेखाबीच इकडं यायची. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या दुखण्यांची बरोबरी करत बसायच्या, आणि आपलंच दुखणं मोठं असं दोघींचंही म्हणणं असायचं.

जुलेखाबी गेली ती सकाळी, चहा पिता पिता. घर बायकांनी भरलं. आंघोळ घालून, कफन नेसवून तिला मधल्या खोलीत ठेवलं होतं. जनाजा उचलायची वेळ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की दीनाबाई कुठं दिसत नाहीत. बाहेर येऊन बघते तर काठी टेकत त्या गफ्फारसाहेबांच्या दारात आलेल्या. खळ घातलेलं पांढरं पातळ. पुढं येईनात आणि मागं जाईनात. गल्लीतले पुरुष खोळंबलेले. मी त्यांचा दंड धरला आणि चिडून म्हणाले, चला आत, नाहीतर घरी चला, लोक थांबलेत. त्या म्हणाल्या, "शब्द दिलाय गं." आणि त्यांचे गुडघे एकदम वाकले. त्या खाली बसल्या. जिथं बसू नये म्हणून आपण लेकरांना मारतो तिथं, उंबरठ्यावरच. एक पाय आत, एक बाहेर.

आतून गफ्फारसाहेब आले. पाठीतून पार वाकले होते. त्यांनी दीनाबाईंकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच सरळ त्यांच्याशी बोलले. "बाई, वो आपकी राह देख रही है," म्हणाले. त्यांच्या मागून राबिया आली, तरणी झाली होती आता. तिनं दोन्ही हात पुढं केले. दीनाबाईंनी ते धरले आणि उठल्या. राबिया आतल्या बाजूला होती, म्हणून त्याही आतच उठल्या.

जुलेखाबीच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं होतं. दीनाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मग मागं वळून त्या दाराकडं पाहत राहिल्या. सागवानी लाकडाची एक पट्टी, वीतभरसुद्धा उंच नसेल, मधे झिजलेली.

"एवढासाच व्हता?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणाले.

त्यांनी माझं मनगट धरलं, त्या पायरीवर धरलं होतं तसंच. "जैनब..." त्या म्हणाल्या. पुरुष आत आले, त्यांनी जनाजा उचलला आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं.